मदत हवी आहे: 'ऑफर' या इंग्रजी शब्दाला पर्याय कोणते, आणि कुठे कोणता?

धागाकर्ता

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या खरेदी-विक्री विभागासाठी पानभर टिपण तयार करायचं आहे. पत्रं लिहिणारी मंडळी मराठी माध्यमात शिकलेली आहेत आणि कामाला चोख आहेत. पण इंग्रजी पत्रात दर दोन ओळींमागे 'ऑफर' येतो. तो टाळायला समानार्थी शब्दांची यादी उघडली, तर गिव्ह, प्रोव्हाइड, सप्लाय, प्रपोज, प्रेझेंट, टेंडर, एक्स्टेंड, सजेस्ट, व्हॉलंटिअर, बिड अशी रांगच सापडते. त्यातला एखादा उचलून बसवला की वाक्य लंगडतं. नमुने देतो:

१. वी ऑफर यू टू सप्लाय ५०० ब्रॅकेट्स.
२. काइंडली प्रोव्हाइड अस युवर बेस्ट प्राइस.
३. द मॅनेजर ऑफर्ड मी फॉर नाइट शिफ्ट.
४. ही सजेस्टेड अस टू टेक द बिगर लॉट.
५. वी आर ऑफरिंग अवर अपॉलॉजी फॉर डिले.

कोणता शब्द कुठे चालतो आणि त्याच्यामागे काय यायला हवं, हे हवं आहे. शिवाय कोटेशन पाठवलं म्हणजे कायद्याच्या भाषेत ऑफर दिली असं होतं का? आणि इंग्रजी पत्राचं मराठी करताना सगळीकडे 'ऑफर केले' लिहिणं कसं टाळायचं?

शाईदौत

यादीतले शब्द एका माळेचे मणी नाहीत, हे टिपणात सगळ्यात आधी लिहा.

'ऑफर'चा गाभा आपल्या 'देऊ करणे' या क्रियापदात नेमका आहे. वस्तू पुढे केली, घ्यायची की नाही हे समोरच्याने ठरवायचं. त्यामुळे सोपी कसोटी अशी: वाक्याला 'पण त्याने घेतलं नाही' हे शेपूट जोडून पाहा. 'कंपनीने त्याला नोकरी देऊ केली, पण त्याने घेतली नाही' हे बरोबर बसतं. 'कंपनीने त्याला मशीन पुरवलं, पण त्याने घेतलं नाही' हे बसत नाही, कारण पुरवलं म्हणजे पोहोचलं.

ही कसोटी लावली की यादीचे आपोआप गट पडतात. ऑफर, टेंडर, एक्स्टेंड, व्हॉलंटिअर आणि बिड हे देऊ करणारे. यांत नकाराला जागा आहे. गिव्ह, सप्लाय आणि प्रोव्हाइड हे पोहोचवणारे. प्रपोज आणि सजेस्ट यांत वस्तू नसतेच, कल्पना असते. प्रेझेंट म्हणजे समारंभाने हाती देणे किंवा लोकांपुढे मांडणे.

व्यवहारात सगळ्यात जास्त घोळ ऑफर आणि प्रोव्हाइडमध्ये होतो. 'वी ऑफर इन्स्टॉलेशन' म्हणजे आमच्याकडे ती सोय आहे, हवी असेल तर सांगा, आणि पैसे वेगळे पडू शकतात. 'वी विल प्रोव्हाइड इन्स्टॉलेशन' म्हणजे मशीन बसवून देण्याची जबाबदारी आमची. ग्राहक दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून फुकट काम मागू शकतो. पत्र सुंदर दिसावं म्हणून एकाच्या जागी दुसरा घालायचा नाही.

खडू-फळा

आता वाक्यरचना. चूक शब्दात कमी असते आणि शब्दामागे काय येतं त्यात जास्त असते, म्हणून तुमची पाचही वाक्यं एकेक करून घेतो.

पहिलं. 'ऑफर'नंतर कृती सांगायची असेल तर सरळ 'टू' आणि क्रियापद: 'वी ऑफर टू सप्लाय ५०० ब्रॅकेट्स.' मध्ये 'यू' घालायचा नाही. तो येतो 'वी रिक्वेस्ट यू टू सप्लाय' या साच्यातून. तिथे माल पुरवणारा 'यू' आहे, म्हणून तो मध्ये बसतो. 'ऑफर'मध्ये काम करणारा वाक्याचा कर्ताच असतो. 'वी ऑफर यू टू सप्लाय' वाचणाऱ्याला क्षणभर कळत नाही की माल कोणी पुरवायचा. 'यू' हवाच असेल तर त्याच्यामागे क्रियापद नको, वस्तू घाला: 'वी ऑफर यू ५०० ब्रॅकेट्स ॲट द ओल्ड रेट.' 'ऑफर सप्लाइंग' ही रचना मात्र कुठेच चालत नाही.

वस्तू आणि माणूस यांचा क्रम दोन्हींकडून चालतो: 'ऑफर्ड हिम अ डिस्काउंट' किंवा 'ऑफर्ड अ डिस्काउंट टू हिम'. माणूस मागे गेला की 'टू' लागतो, पुढे असला की लागत नाही. कर्मणी प्रयोगात इंग्रजीला माणूस पुढे ठेवणं आवडतं: 'ही वॉज ऑफर्ड द जॉब.' याचा अर्थ त्याला नोकरी देऊ करण्यात आली, त्याने स्वीकारली की नाही ते वाक्य सांगत नाही.

दुसरं. 'प्रोव्हाइड'ला माणूस लगेच जोडला तर वस्तूआधी 'विथ' लागतो: 'प्रोव्हाइड अस विथ द ड्रॉइंग.' वस्तू आधी आली तर 'प्रोव्हाइड द ड्रॉइंग टू अस'. 'सप्लाय'चंही तसंच. 'विथ' गाळलेली रूपं आपल्याकडच्या पत्रांत सर्रास दिसतात आणि अमेरिकेतही कानावर पडतात, पण 'विथ' घातलेलं वाक्य जगभर खटकत नाही. भावासाठी तर प्रोव्हाइड हवाच कशाला? 'प्लीज क्वोट युवर बेस्ट प्राइस' पुरे.

तिसऱ्या वाक्यातून तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतात, आणि लिहिणाऱ्याला त्यातली कोणती म्हणायची आहे ते आधी विचारून घ्या. मॅनेजरने रात्रपाळी हवी का असं विचारलं असेल तर 'ऑफर्ड मी द नाइट शिफ्ट'. मॅनेजर स्वतःच रात्री थांबायला तयार झाला असेल तर 'ऑफर्ड टू वर्क द नाइट शिफ्ट'. त्याने या माणसाला यायला सांगितलं असेल तर तिथे ऑफर नाहीच: 'आस्क्ड मी टू वर्क द नाइट शिफ्ट'. 'फॉर' कुठल्याच रूपात नाही.

चौथं. 'सजेस्ट'मागे माणूस आणि 'टू' ही जोडी चालत नाही. 'ही सजेस्टेड दॅट वी टेक द बिगर लॉट' किंवा 'ही सजेस्टेड टेकिंग द बिगर लॉट'. 'ॲडव्हाइज'ला मात्र तीच रचना चालते: 'ही ॲडव्हाइज्ड अस टू टेक.' म्हणजे ज्याला 'अस टू' ची सवय सोडता येत नाही त्याने 'ॲडव्हाइज' वापरावा, अर्थ जवळचाच आहे.

पाचव्याला पर्याय शोधू नका. 'वी अपॉलॉजाइज फॉर द डिले.' संपलं.

यादीतल्या उरलेल्यांपैकी 'प्रपोज'बद्दल एक इशारा. त्याला नुसता माणूस जोडला, 'ही प्रपोज्ड टू हर', की अर्थ लग्नाची मागणी असाच होतो. कामाच्या पत्रात योजना आधी आली पाहिजे: 'वी प्रपोज अ रिव्हाइज्ड शेड्यूल.' कृती सांगायची तर 'प्रपोज टू शिफ्ट' आणि 'प्रपोज शिफ्टिंग' दोन्ही चालतात, ही सूट 'ऑफर'ला नाही. 'व्हॉलंटिअर'मागे 'ऑफर'सारखाच 'टू' आणि क्रियापद, पण तो स्वखुशीने आणि सहसा मोबदल्याशिवाय केलेल्या कामाला. मालाच्या पत्रात त्याचं काही काम नाही.

स्पेलिंग: 'ऑफर्ड' आणि 'ऑफरिंग' यांत शेवटचा 'आर' एकच. मूळ शब्दात जोर पहिल्या अवयवावर आहे म्हणून तो दुप्पट होत नाही. 'डिफर' आणि 'सफर' यांचंही तसंच. 'प्रिफर' आणि 'रिफर' यांत जोर शेवटी आहे, म्हणून 'प्रिफर्ड' आणि 'रिफर्ड'मध्ये दोन 'आर' लागतात.

वकिलीखाते

कोटेशनच्या प्रश्नाचं उत्तर त्यात काय लिहिलंय यावर ठरतं, वर छापलेल्या मथळ्यावर नाही.

आपला भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. त्याच्या कलम २(क) मध्ये, म्हणजे इंग्रजीतल्या २(ए) मध्ये, व्याख्या 'प्रपोजल'ची आहे, 'ऑफर'ची नाही. अर्थ तोच: समोरच्याची संमती मिळवण्यासाठी एखादी गोष्ट करायची किंवा न करायची तयारी दाखवणे. मराठीत प्रस्ताव. तो स्वीकारला गेला की वचन होतं. इंग्लंडच्या निकालांत आणि रोजच्या बोलण्यात 'ऑफर' असल्यामुळे आपल्याकडचे वकीलही तोच शब्द वापरतात.

नुसता भाव कळवला म्हणजे प्रस्ताव झाला असं नाही. हार्वी विरुद्ध फेसी हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, १८९३ चा निकाल याच मुद्द्याचा आहे. 'कमीत कमी किंमत तारेने कळवा' याला उत्तर म्हणून ९०० पौंड असा आकडा कळवला. खरेदीदार म्हणाला, मंजूर. न्यायालयाने सांगितलं की हा विकण्याचा प्रस्ताव नव्हता, केवळ माहिती होती. दरपत्रक, कॅटलॉग, दुकानाच्या काचेतली किंमत ही साधारणपणे 'या, मागणी करा' अशी निमंत्रणं असतात. मागणी ग्राहक करतो, हो-नाही दुकानदार म्हणतो.

म्हणून पत्रात दोनांपैकी एक स्पष्ट लिहा. बांधून घ्यायचं असेल तर नग, दर, कर धरून की सोडून, पोहोच कुठे, पैसे किती दिवसांत, आणि 'धिस ऑफर इज ओपन फॉर ॲक्सेप्टन्स टिल' अमुक तारीख. मुदत लिहिली असेल तर कलम ६ प्रमाणे ती संपल्यावर प्रस्ताव आपोआप मागे घेतल्यासारखा होतो, लोखंडाचा भाव चढल्यावर हे फार कामाला येतं. बांधून घ्यायचं नसेल तर 'प्राइसेस आर इंडिकेटिव्ह अँड सब्जेक्ट टू अवर कन्फर्मेशन'.

दुसरी अडचण उलट प्रस्तावाची. कलम ७ सांगतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. तुम्ही १०० रुपये दर दिलात आणि समोरून 'ॲक्सेप्टेड ॲट ९५' आलं, तर तो स्वीकार नाही, नवा प्रस्ताव आहे आणि तुमचा जुना तिथेच संपला. हाइड विरुद्ध रेंच, १८४०: शेताची किंमत १००० पौंड सांगितली, समोरचा ९५० म्हणाला, नकार आल्यावर म्हणाला बरं, १००० मंजूर. करार झाला नाही असा निकाल लागला. त्यामुळे घासाघीस चालू असताना 'ॲक्सेप्ट' हा शब्द आपल्या मंडळींनी जपून वापरावा. 'कुड यू कन्सिडर ९५?' एवढं विचारलं तर ती नुसती विचारणा राहते.

'टेंडर'मध्येही दोन टोकं आहेत. 'टेंडर निघालं' म्हणजे निविदा मागवली, ते निमंत्रण. 'टेंडर भरलं' म्हणजे प्रस्ताव दिला. क्रियापद म्हणून 'टेंडर' फार औपचारिक आहे: राजीनामा, पैसे, पुरावा एवढ्यापुरता ठेवा. कराराप्रमाणे माल घेऊन गाडी ग्राहकाच्या फाटकाशी नेणं यालाही कायद्यात 'टेंडर' म्हणतात, आणि गंमत म्हणजे या जागी, कलम ३८ मध्ये, अधिनियम स्वतः 'ऑफर' शब्द वापरतो. ती बिनशर्त हवी, योग्य वेळी आणि योग्य जागी हवी, आणि माल ठरल्याप्रमाणे आहे हे तपासायची वाजवी संधी मिळायला हवी. मग ग्राहकाने माल परत पाठवला तरी न पोहोचल्याची जबाबदारी पुरवठादारावर येत नाही.

शेअरकट्टा

एक छोटी भर. ऑफर कोणाकडून येते हे क्षेत्राप्रमाणे फिरतं. घराच्या व्यवहारात ऑफर खरेदीदार देतो, ब्रिटनमधल्या पाटीवर 'अंडर ऑफर' असेल तर कोणाची तरी बोली मान्य झाली आहे, करार व्हायचा आहे. शेअर बाजारात 'बिड' खरेदीदाराचा भाव आणि 'ऑफर' किंवा 'आस्क' विकणाऱ्याचा. 'ऑफर फॉर सेल'मध्ये आधीचे भागधारक आपले शेअर विकतात, म्हणून पैसा कंपनीकडे जात नाही. 'ओपन ऑफर'मध्ये पुन्हा उलट: सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांप्रमाणे एखाद्याने कंपनीतला २५ टक्के किंवा जास्त मतहक्क मिळवायचं ठरवलं की इतर भागधारकांचे किमान २६ टक्के शेअर विकत घ्यायची तयारी त्याला जाहीर करावी लागते. एकाच बातमीत हे दोन्ही आले तर आधी कोण देतोय आणि काय देतोय ते लिहून काढा, मगच भाषांतर करा.

दुकानात: ब्रिटनमध्ये 'ऑन ऑफर' म्हणजे सवलतीत. तिथे 'ऑन सेल' म्हणजे नुसतं विक्रीला आहे, तर अमेरिकेत 'ऑन सेल' म्हणजे सवलतीत.

मायमराठी

मराठीकडे येते. 'ऑफर केले' टाळायला एक ठरावीक प्रतिशब्द शोधू नका. काय देऊ केलं जातंय त्यावर मराठी क्रियापद बदलतं, आणि आपल्याकडे ती भरपूर आहेत.

चहा-पाणी *विचारतात*. 'साधं पाणीसुद्धा विचारलं नाही' या तक्रारीत 'ऑफर' पूर्ण मावलाय. पण याच वाक्याचं इंग्रजी करताना लोक घसरतात: 'दे आस्क्ड मी फॉर टी' म्हणजे त्यांनीच माझ्याकडे चहा मागितला! तिथे 'दे ऑफर्ड मी टी' हवं. फूल, बेल, दूर्वा *वाहतात*. नैवेद्य *दाखवतात*. अर्घ्य *देतात*, आहुती *देतात*, ओटी *भरतात*. श्रद्धांजली वाहतात किंवा अर्पण करतात. नमाज *पढतात* किंवा अदा करतात. मंत्री देवळात 'ऑफर्ड प्रेयर्स' असं इंग्रजी बातमीत असेल तर मराठीत 'दर्शन घेतले' किंवा 'पूजा केली', जे घडलं असेल ते. 'प्रार्थना अर्पण केली' कोणी बोलत नाही.

मदतीचा हात पुढे करतात, काम करायची तयारी दाखवतात, मत मांडतात, खुलासा करतात, प्रतिकार करतात, अभिनंदन करतात. राजीनामा 'देऊ केला' आणि 'दिला' यात फरक ठेवा, पहिल्यात तो अजून मंजूर व्हायचा आहे. आणि 'ऑफर्ड ॲन अपॉलॉजी'मध्ये तर दिशाच उलटते: इंग्रजीत माफी देऊ करतात, मराठीत ती मागतात. 'माफी देऊ केली' लिहिलं तर गुन्हेगार आणि फिर्यादी यांची अदलाबदल होते.

निर्जीव कर्ता असला की 'ऑफर' सरळ गाळा. 'द रूम ऑफर्स अ व्ह्यू ऑफ द सी' म्हणजे खोलीतून समुद्र दिसतो. 'द कॉलेज ऑफर्स थ्री कोर्सेस' म्हणजे कॉलेजात तीन अभ्यासक्रम आहेत. 'महाविद्यालय तीन अभ्यासक्रम प्रदान करते' असली वाक्यं माहितीपत्रकांतून हद्दपार व्हायला हवीत. पदवी प्रदान करतात, अभ्यासक्रम शिकवतात.

नाम म्हणून 'ऑफर' मराठीत रुळलाय आणि तो स्त्रीलिंगी आहे: ऑफर आली, ऑफर नाकारली. तिथे त्याला हाकलायचा हट्ट नको. दुकानातली ऑफर म्हणजे सवलत किंवा योजना, नोकरीची ऑफर ही ऑफरच.

इतिहासप्रेमी

@मायमराठी, भाषांतरात आणखी एक सापळा. ८ ऑगस्ट १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जी घोषणा केली ती इंग्रजीत 'ऑगस्ट ऑफर', मराठीत ऑगस्ट प्रस्ताव. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसने छोडो भारतचा केला तो ठराव. हिंदीत ठरावालाही 'प्रस्ताव' म्हणतात, म्हणून हिंदीवरून मराठी करताना एक सरकारचा आणि एक सरकारविरुद्धचा असे दोन कागद एकच होऊन बसतात. तसंच १७ ऑक्टोबर १९४० ला पवनार इथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, त्या काळच्या इंग्रजीत 'ऑफर सत्याग्रह' असाच वाक्प्रचार होता. मराठीत सत्याग्रह *करतात*.

खडू-फळा

बोलण्याचं राहिलं. समोरासमोर काही देऊ करताना 'ऑफर' शब्द येतच नाही. 'आय ऑफर यू टी' कोणी म्हणत नाही. 'वुड यू लाइक सम टी?' असं विचारतात. इथे 'एनी'ऐवजी 'सम', कारण होकाराची अपेक्षा आहे. 'डू यू वॉन्ट टी?' घरच्यांत ठीक, पाहुण्या ग्राहकाला जरा रोखठोक वाटतं. मदतीसाठी 'शॅल आय सेंड द ड्रॉइंग अगेन?' किंवा 'आय कॅन सेंड इट टुडे, इफ यू लाइक'. 'ऑफर' येतो तो नंतर, घडलेलं सांगताना: 'शी ऑफर्ड टू सेंड इट अगेन.' टिपणात या दोन वाक्यांची जोडी शेजारी ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वरच्या सूचनांवरून नमुना पत्र असं केलं आहे, तपासाल का?

'थँक यू फॉर युवर एन्क्वायरी. वी आर प्लीज्ड टू ऑफर यू ५०० ब्रॅकेट्स ॲट रुपीज १०० ईच, जीएसटी एक्स्ट्रा, डिलिव्हर्ड टू युवर प्लांट. वी कॅन प्रोव्हाइड यू विथ अ सॅम्पल बिफोर डिस्पॅच. वी ऑल्सो ऑफर पावडर कोटिंग ऑन रिक्वेस्ट. धिस ऑफर इज व्हॅलिड फॉर ३० डेज.'

वकिलीखाते

'३० डेज' कधीपासून? पत्राच्या तारखेपासून की मिळाल्यापासून, यावर वाद होतो. थेट तारीख घाला. पैसे किती दिवसांत ते राहिलंय. आणि पावडर कोटिंगच्या वाक्यात शेवटी 'ॲट ॲन एक्स्ट्रा चार्ज' जोडा, नाहीतर ते १०० रुपयांतच धरलं असं ग्राहक म्हणेल.

खडू-फळा

रचना बरोबर आहे. 'ऑफर' तीनदा आलाय तो राहू द्या: पहिल्यांदा माल, दुसऱ्यांदा सोय, तिसऱ्यांदा हे पत्रच. फक्त 'वी कॅन प्रोव्हाइड'चं नक्की करा. नमुना मागितला तरच देणार असाल तर 'कॅन' ठीक, प्रत्येकाला पाठवणारच असाल तर 'विल'.